शेवटच्या ओळींची मालकी

१९४८ साली माद्रिदच्या ‘अल्-अंदलुस’ या नियतकालिकात तिशीही न गाठलेल्या एका संशोधकाचा फ्रेंच लेख प्रसिद्ध झाला. सॅम्युएल मिक्लोश स्टर्न हे त्याचे नाव. जन्म हंगेरीतला, शिक्षण जेरुसलेम आणि ऑक्सफर्डचे. लेखाचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ होता : मध्ययुगीन स्पेनमधल्या हिब्रू कवींच्या काही कवितांच्या शेवटच्या दोन-चार ओळी. या ओळी हिब्रू लिपीत लिहिलेल्या होत्या, पण हिब्रू म्हणून वाचल्या तर त्यांचा अर्थ लागत नव्हता. स्टर्न यांनी त्या वेगळ्या भाषेत वाचून दाखवल्या. भाषा होती लॅटिनपासून निघालेली, आजच्या स्पॅनिशची एक जुनी बहीण. मुसलमानी राजवटीखालच्या स्पेनमध्ये, म्हणजे अल्-अंदलुसमध्ये, ती घरात आणि बाजारात बोलली जात होती. अशा वीस रचना त्यांनी पुढे ठेवल्या आणि स्पॅनिश साहित्याच्या इतिहासाचे पहिले पान बदलले.

किती बदलले, हे दोन तारखांवरून कळते. युरोपीय भाषांतला पहिला ज्ञात भावकवी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो अक्वितेनचा सरदार गियोम १०७१ साली जन्मला. स्टर्न यांनी वाचलेल्या रचनांतली सर्वांत जुनी रचना ज्या हिब्रू कवितेत आहे, ती १०४२च्या आधीची मानली जाते. म्हणजे गियोम जन्मण्याच्या निदान तीस वर्षे आधी स्पेनमध्ये कोणीतरी लोकभाषेत विरहाचे गाणे गात होते आणि ते कागदावर उतरले होते. स्पॅनिश समीक्षकांना झालेला आनंद समजण्यासारखा आहे. दामासो आलोन्सो हे स्वतः मोठे कवी. त्यांनी पुढच्याच वर्षी या गाण्यांवर लेख लिहिला आणि पुढे आपल्या एका पुस्तकाला ‘युरोपीय साहित्याचा लवकर आलेला वसंत’ अशा अर्थाचे नाव दिले. स्पॅनिश भाषाशास्त्राचे भीष्माचार्य रामोन मेनेंदेस पिदाल यांनाही आपल्या जुन्या अनुमानाचा पुरावा मिळाल्यासारखे वाटले. लेखी साहित्याच्या आधी मौखिक लोककाव्याचा प्रवाह वाहत असतो, फक्त तो दिसत नाही, असे ते आयुष्यभर सांगत आले होते. आता तो दिसला होता.

या आनंदात एक गोष्ट घडली. तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे मला वाटते. या ओळी मूळ कवितांपासून कापून काढल्या गेल्या.

आधी या काव्यप्रकाराची ओळख करून घेऊ. ‘मुवश्शह’ हा अल्-अंदलुसमध्ये जन्मलेला कडव्यांचा काव्यप्रकार. नाव ‘विशाह’ या शब्दावरून आले आहे. विशाह म्हणजे रत्नजडित पट्टा. पट्ट्यात जशी दोन प्रकारच्या मण्यांची गुंफण असते, तसे या कवितेत बदलत्या यमकाचे कडवे आणि ठरलेल्या यमकाचे ध्रुवपद आळीपाळीने येतात. सगळी कविता अभिजात अरबीत किंवा बायबलच्या हिब्रूत असते. शेवटचे ध्रुवपद मात्र भाषा बदलते. बहुतेक वेळा ते बोली अरबीत असते, क्वचित रोमान्स म्हणजे जुन्या स्पॅनिश बोलीत. या शेवटच्या तुकड्याला ‘खर्जा’ म्हणतात. खर्जा म्हणजे बाहेर पडणे. आपल्याकडचे ‘खारीज’ आणि ‘खर्च’ हे शब्द त्याच अरबी धातूचे. खर्जात बोलणारी बहुधा एखादी तरुण मुलगी असते. ती आईला हाक मारते, ‘हबीब’ येत नाही म्हणून तळमळते, कधी बेधडक शृंगाराचे बोलते. त्याआधीची चार-पाच कडवी एखाद्या आश्रयदात्याच्या स्तुतीची किंवा कवीच्या स्वतःच्या प्रेमदुःखाची असतात. शेवटच्या कडव्यात कवी सांगतो, की ती मुलगी असे म्हणाली, आणि मग तिचे शब्द येतात.

बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधल्या इब्न सना अल्-मुल्क या कवीने मुवश्शहाचे शास्त्र लिहिले. त्याच्या मते खर्जा हा कवितेचा प्राण. तो आधी रचावा आणि मग बाकीची कविता त्याच्या मापाने बेतावी. खर्जाची भाषा सामान्य माणसांची, प्रसंगी चोर-उचक्क्यांची असावी, आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी घालावा : बायकांच्या, मुलांच्या, झिंगलेल्यांच्या, अगदी कबुतरांच्यासुद्धा. या माणसाचा दुसरा एक तपशील मला त्याच्या नियमांपेक्षा बोलका वाटतो. अंदलुसी कवी शेवटी परकी भाषा वापरतात हे पाहून त्याने फारसीतले खर्जा रचले. कैरोत कोणतेही रोमान्स लोकगीत वाहत नव्हते, पण परक्या भाषेत कविता संपवण्याची गंमत तिथेही पोचली होती.

हा तपशील मौखिक लोककाव्याच्या सिद्धांताला अडचणीचा आहे. शेवटी परकी भाषा येणे हा जर कवितेचा एक संकेत असेल, तर खर्जातली रोमान्स ही लोकगीताची नोंद असेलच असे नाही. दरबारी कवीने लोकांचा आवाज काढून दाखवलेला असू शकतो. तो खरा की नकली, हे त्या ओळींवरूनच ठरवता येत नाही.

आणि त्या ओळी तरी नेमक्या काय आहेत? अरबी आणि हिब्रू लिप्यांत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. कागदावर फक्त ‘म’ आणि ‘ल’ आहेत असे धरा. मराठी वाचणाऱ्याने तिथे ‘मला’ वाचायचे, ‘मूल’ वाचायचे, ‘मोल’ की ‘मेला’? संदर्भ कळला तर कळेल. अरबी लिपीत शिवाय ब, त, न ही अक्षरे केवळ नुक्त्यांच्या संख्येने आणि जागेने वेगळी ओळखायची. त्यात नक्कल करणारे लेखक बरेचदा स्पेनपासून दूरचे आणि नंतरच्या काळातले. त्यांना रोमान्स येत नव्हती. न कळणाऱ्या भाषेतल्या ओळी ते चित्र काढावे तसे उतरवून घेत. अशा हस्तलिखितांतून १९५२ साली एमिलिओ गार्सिया गोमेस यांनी अरबी कवितांतले चोवीस रोमान्स खर्जा प्रसिद्ध केले आणि १९६५मध्ये त्यांचे मोठे पुस्तक आले. गार्सिया गोमेस हे स्पेनचे सर्वांत नावाजलेले अरबीचे पंडित, शिवाय उत्तम गद्यकार. त्यांचे खर्जा वाचताना अडखळायला होत नाही. स्वच्छ, नितळ, गाता येतील अशा ओळी. शंका यायला हवी होती ती नेमकी इथे.

ती शंका प्रामुख्याने इंग्लंडमधून आली. रिचर्ड हिचकॉक आणि ऑक्सफर्डचे ॲलन जोन्स यांनी हस्तलिखितांकडे परत जायला सुरुवात केली. जोन्स यांच्या १९८८च्या पुस्तकाची पद्धत रूक्ष आहे आणि तिचा परिणाम जबरदस्त आहे. हस्तलिखितात दिसणारे अक्षर अन् अक्षर ते आधी नोंदवतात, मग संपादकांनी त्यातले कोणते बदलले, कोणते गाळले, कोणते घातले ते दाखवतात. छापील पुस्तकातली सुंदर ओळ आणि कागदावरची अक्षरे यांतले अंतर पाहून वाचक थक्क होतो. काही ओळींत रोमान्स शब्द निर्विवाद आहेत. काहींत ते आहेत ते संपादकाच्या मनात. तीच अक्षरे बोली अरबी म्हणून वाचली तरी अर्थ लागतो. शेकडो अरबी मुवश्शहांपैकी जेमतेम चाळीसेक आणि हिब्रूतले पंचवीसेक, इतक्या थोड्या पुराव्यावर केवढी इमारत उभी राहिली होती, हेही मग लक्षात आले.

पुढचा वाद कॅलिफोर्नियातल्या सॅम्युएल आर्मिस्टेड आणि जेम्स मन्रो यांनी मौखिक परंपरेच्या बाजूने लढवला. त्या काळातल्या लेखांची शीर्षके वाचली तरी पंडितांचे रक्त किती तापले होते ते कळते. जोन्स यांच्या एका लेखाच्या शीर्षकात काकड्यांतून सूर्यकिरण काढण्याचा उल्लेख आहे. स्विफ्टच्या गलिव्हरला एका विद्यापीठात भेटलेला तो संशोधक इंग्रजी वाचकाला लगेच आठवावा. समोरच्या बाजूने आलेल्या उत्तराच्या शीर्षकात किनाऱ्याला लागलेले देवमासे आणि डरकाळ्या फोडणारे उंदीर आहेत. आर्मिस्टेड-मन्रो यांचा मुख्य मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकच खर्जा निरनिराळ्या कवींच्या, कधी अरबी तर कधी हिब्रू, कवितांत सापडतो. या गाण्याला कवितेबाहेर स्वतंत्र आयुष्य नसते, तर तो असा फिरला कसा? जोन्स यांच्या बाजूचे उत्तर असे, की कवी एकमेकांच्या कविता वाचतात आणि उचलतात. दोन्ही शक्य आहे. पद्धतीच्या बाबतीत माझा कौल जोन्स यांच्या बाजूला आहे. आधी अक्षर, मग अर्थ, हा क्रम सोडला की संपादन संपते आणि इच्छापूर्ती सुरू होते. पण जोन्स यांनीही खर्जाच तपासला, उरलेली कविता नव्हे. कापाकापी चुकीची झाली हे त्यांनी दाखवले. कापायचेच का, हा प्रश्न त्यांच्याही पुस्तकाच्या बाहेर राहिला.

तो प्रश्न एका कवितेपाशी नेऊन पाहू. येहूदा हालेवी हा अंदलुसी हिब्रू कवींतला बहुधा सर्वांत थोर. जन्म १०७५च्या सुमाराचा, मृत्यू ११४१चा. त्याच्या एका मुवश्शहाचा खर्जा स्पॅनिश काव्यसंग्रहांच्या पहिल्या पानांवर नेहमी असतो. त्यात बोलणारी व्यक्ती सांगते, की माझा सिदेलो येतो आहे, केवढी आनंदाची बातमी, आणि त्याच्या येण्याने ग्वादालाहारात जणू सूर्याचा किरण फुटला आहे. संग्रहात ही रचना ‘अनामिक’ या मथळ्याखाली येते आणि वाचणारा ती प्रियकराची वाट पाहणाऱ्या मुलीचे गाणे म्हणून वाचतो.

आता पूर्ण कविता घेऊ. सिदेलो हे प्रियकराचे लाडाचे नाव नव्हे. तो योसेफ इब्न फेर्रुसिएल, कास्तिलचा ख्रिस्ती राजा सहावा आल्फोन्सो याचा ज्यू वैद्य आणि दरबारातले मोठे प्रस्थ. कविता म्हणजे त्याच्या स्वागताचे स्तुतिकाव्य. म्हणजे कवी ज्यू, भाषा हिब्रू, घाट अरबी, आश्रयदाता ख्रिस्ती राजाच्या चाकरीतला, आणि शेवटचा उद्गार रोमान्समध्ये. ‘सिदेलो’ या एका शब्दातही तेच आहे. आधीचा भाग अरबी ‘सीद’, म्हणजे स्वामी, आपण ‘सय्यद’ म्हणतो तोच शब्द. पुढे लहानपणा दाखवणारा रोमान्स प्रत्यय. छोटा सीद. त्याच आल्फोन्सो राजाच्या काळात दुसरा एक सीद होता, रोद्रिगो दियास, व्हॅलेन्सिया जिंकणारा, १०९९ साली तिथेच मेलेला. त्याच्यावरचे महाकाव्य स्पेनचे राष्ट्रीय काव्य झाले आणि मेनेंदेस पिदाल यांनी त्याच्यावर आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली. छोट्या सीदच्या वाट्याला चार ओळी आल्या, त्याही त्याचे नाव पुसून.

इतके झाल्यावर या कवितेला सलोख्याचे सुंदर प्रतीक म्हणण्याचा मोह होतो. त्याआधी आणखी एक गोष्ट. सिदेलोचा पुतण्या श्लोमो हाही राजाच्या कामावर होता. ११०८ साली त्याचा खून झाला, आणि त्याच्यावरचे शोककाव्य याच हालेवीने लिहिले. स्वागताची कविता आणि शोकाची कविता एकाच हातची, एकाच घराण्याबद्दलची. एक वाचायची आणि दुसरी सोडायची, हे कापण्याचेच आणखी एक रूप.

स्टर्न यांचा लेख आला त्याच १९४८ साली ब्यूनोस आयरिसमध्ये आमेरिको कास्त्रो यांचे ‘इतिहासातला स्पेन : ख्रिस्ती, मूर आणि ज्यू’ हे पुस्तक निघाले. कास्त्रो यादवी युद्धामुळे देश सोडून अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकवत होते. त्यांचे म्हणणे असे, की ७११ साली मुसलमान फौजा येण्याआधी ‘स्पॅनिश माणूस’ नव्हताच. तो तीन धर्मसमाजांच्या शेकडो वर्षांच्या सहवासातून आणि संघर्षातून घडला. या सहवासाला त्यांनी वापरलेला ‘कोन्व्हिव्हेन्सिया’ हा शब्द पुढे जगभर गेला. शब्दाचा उगम गमतीदार आहे. मेनेंदेस पिदाल यांनी १९२६च्या आपल्या भाषाविषयक ग्रंथात तो वापरला होता, एकाच शब्दाची दोन-तीन रूपे एकाच काळात भाषेत नांदतात त्यासाठी. शेवटी त्यांतले एक रूप टिकते आणि बाकीची मरतात. कास्त्रोंच्या वाचकांनी शब्द घेतला आणि हा दुसरा अर्धा भाग विसरला.

कास्त्रोंना उत्तर दिले तेही परागंदा झालेल्या माणसानेच. क्लाउदिओ सांचेस-आल्बोर्नोस हे इतिहासकार अर्जेंटिनात राहत होते आणि पुढे स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या परदेशातल्या सरकारचे प्रमुख झाले. १९५६च्या त्यांच्या दोन खंडी ग्रंथात रोमन काळापासून चालत आलेला अखंड ‘हिस्पानी माणूस’ आहे, आणि अरबी प्रभाव त्याच्या अंगावरच्या कपड्यांइतकाच खोल. दोघे एकाच माद्रिदच्या संशोधन केंद्रातून, मेनेंदेस पिदाल यांच्या हाताखालून आलेले, फ्रँकोने दोघांचाही देश हिरावलेला. त्या देशाला जन्म कोणी दिला यावर ते आयुष्यभर भांडले. चौदाव्या शतकातले हुआन रुइसचे ‘लिब्रो दे बुएन आमोर’ हे पुस्तक त्यांच्या रणांगणांपैकी एक. कास्त्रोंना त्यात इब्न हज्मच्या प्रेमविषयक ग्रंथाचा वारसा दिसला, आल्बोर्नोसना शुद्ध कास्तिली रांगडेपणा. पुस्तकात हुआन रुइस स्वतःच सांगतो, की आपण ज्यू आणि मूर नर्तकींसाठी गाणी रचली, आणि कोणती वाद्ये अरबी गाण्याला जुळत नाहीत याची यादीही देतो. हे ज्ञान वारशाने येत नाही, मैफलीला बसून येते.

मराठी वाचकाला कास्त्रो वाचताना एका शब्दापाशी थांबावे लागते. या तीन समाजांना त्यांनी ‘कास्ता’ म्हटले आहे. इबेरियात कास्ता म्हणजे वंश, कुळी, जनावराची जातसुद्धा. तोच शब्द पोर्तुगीजांनी गोव्याला आणला. १५६७ साली गोव्याच्या धर्मपरिषदेच्या ठरावात तो इथल्या जातींसाठी वापरलेला सापडतो, आणि त्यातूनच पुढे इंग्रजीचा ‘कास्ट’ आला. म्हणजे आपल्या समाजाचे नाव जगाने ज्या शब्दाने ठेवले, तो शब्द ज्या इबेरियातून आला तिथे तेव्हा रक्ताच्या शुद्धीची प्रमाणपत्रे मागितली जात होती. १४४९ साली तोलेदो शहराने ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांना पदांपासून दूर ठेवणारा पहिला प्रसिद्ध ठराव केला होता. गोव्यातल्या मराठी-कोंकणी घरांच्या शेजारी राहिलेला वैद्य गार्सिया द ऑर्ता याच इतिहासाचा माणूस. आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू. स्वतः बाप्तिस्मा घेतलेला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींच्या ग्रंथाला आजही मान आहे. आणि मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

म्हणून कास्त्रोंच्या मांडणीतला एक भाग मला सहन होत नाही. रक्तशुद्धीचे हे वेड स्पेनने ज्यूंकडूनच उचलले, असे ते म्हणतात. बेन्झिऑन नेतन्याहू यांनी या मताचा पुराव्यानिशी समाचार घेतला आहे. लक्षात घेण्याजोगे हे, की इन्क्विझिशनचा दोष ज्यूंवर टाकताना एरवीचे हाडवैरी आल्बोर्नोस कास्त्रोंच्या शेजारी येऊन उभे राहतात. तीन कास्तांची गुंफण सांगणारा माणूस शेवटी प्रत्येक गुण-अवगुणाचा उतारा काढून एकेका कास्तेच्या नावावर चढवतो. मुवश्शहाचेही असेच झाले होते : अरबी घाट याचा, हिब्रू धड त्याचे, रोमान्स शेपूट आमचे.

पुढच्या पिढीने बरेच दुरुस्त केले. मारिआ रोसा मेनोकाल यांनी १९८७च्या पुस्तकात दाखवले, की युरोपीय वाङ्मयेतिहासाने अरबी भाग बाहेर ठेवला तो पुरावा नव्हता म्हणून नव्हे, तो ठेवायला जागाच केली नव्हती म्हणून. त्यांचे २००२चे लोकप्रिय पुस्तक मात्र फार गोड आहे. १०६६ साली ग्रानादात झालेली ज्यूंची कत्तल त्या गोडव्यात विरघळून जाते. डेव्हिड नायरेनबर्ग यांचे १९९६चे पुस्तक मला जास्त विश्वासाचे वाटते. आरागॉनमध्ये ईस्टरच्या आठवड्यात ज्यू वस्तीवर दरवर्षी दगड मारले जात. ही हिंसा सहजीवनाच्या बाहेरची नव्हती. ती सहजीवनाच्या हद्दी आखण्याची एक रीतच होती, असे ते दाखवतात. १३९१ साली त्या हद्दी तुटल्या तेव्हा काय झाले, तेही ते झाकत नाहीत.

हालेवीला हिब्रू वाङ्मयेतिहासाने वेगळ्या बाजूने कापले. तिथे तो सियोनचा कवी. उतारवयात अंदलुस सोडून पवित्र भूमीकडे निघालेला, ११४०च्या शरदात अलेक्झांड्रियाला उतरलेला. त्याच्या त्या शेवटच्या महिन्यांची हकीकत कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदपत्रांत सापडली आणि फार हृद्य आहे. या चरित्रात ग्वादालाहाराच्या चार ओळी तरुणपणीची एक लकब म्हणून तळटिपेत जातात. स्पॅनिश संग्रहात शेपूट आहे आणि धड नाही, हिब्रू दीवानात धड आहे आणि शेपटाकडे लक्ष नाही. पूर्ण मुवश्शह मूळ भाषेत आणि भाषांतरात, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत समोर ठेवणारी संपादने आता निघू लागली आहेत, पण ती अभ्यासकांच्या कपाटात. विद्यार्थ्याच्या हातातले पहिले पान अजून त्या अनामिक मुलीचेच आहे.